श्यामची आई आणि आईचा श्याम
साने गुरुजींच्या जीवनाचे आणि मुलांसाठी केलेल्या लेखनाचे स्मरण

जून महिना उजाडला की पहिला पाऊस आणि नवी शाळा यांची चाहूल एकदमच लागते. कोऱ्या वह्यापुस्तकांचा वास घराघरात दरवळू लागतो. याच महिन्याच्या ११ तारखेला, १९५० साली, महाराष्ट्रातील मुलांचा सर्वांत जवळचा लेखक या जगातून निघून गेला. पांडुरंग सदाशिव साने हे त्यांचे पूर्ण नाव. परंतु मराठी माणूस त्यांना साने गुरुजी याच नावाने ओळखतो. कुटुंब, मैत्री आणि मुलांचे वाढते वय या विषयांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. तरीही त्या साऱ्या लेखनाच्या उंबरठ्यावर 'श्यामची आई' हे पुस्तक आजही उभे आहे. ते वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि ते वाचून पुढे गेलेला माणूस ते पुरते मागे टाकू शकत नाही.

गुरुजी ख्रिस्ती नव्हते. ते श्रद्धाळू हिंदू घरात जन्मले, वाढले आणि आयुष्यभर विठ्ठलाला व गीतेला मानत राहिले. तरीही त्यांचे जीवन आपण ख्रिस्ती कुटुंबांनी समजून घ्यावे, असे अनेक धागे त्यात आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांतील जे जे सत्य आणि पवित्र आहे, त्याचा आदर करण्यास आपल्याला शिकवले आहे. त्या आदरानेच हे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पालगडचे घर

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळ पालगड नावाचे गाव आहे. तेथे २४ डिसेंबर १८९९ रोजी, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी, गुरुजींचा जन्म झाला. वडील सदाशिवराव हे गावचे खोत. खोताचे घर म्हणजे कोकणात मानाचे व सुबत्तेचे घर. परंतु गुरुजींना कळू लागले तोवर ही सुबत्ता ओसरत चालली होती. डोक्यावर कर्ज होते, जमीनजुमला हातचा जात होता, आणि ज्या घराने इतरांना धान्य दिले त्या घराला स्वतःच्या चुलीची विवंचना लागली होती. आई यशोदाबाई. श्रीमंतीत लाडाने सासरी आलेल्या या स्त्रीने उतरत्या काळातील प्रत्येक अपमान सोसला. मात्र आपल्या मुलांच्या मनाला गरिबी शिवू दिली नाही.

पालगडच्या शाळेनंतर या मुलाला मामांकडे पुण्यास पाठवण्यात आले. तेथे त्याचे मन रमले नाही. तो परतला आणि दापोलीच्या मिशन शाळेत दाखल झाला. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी कोकणात उभारलेल्या शाळांतून जी अनेक मोठी माणसे शिकून गेली, त्यांपैकी हा एक विद्यार्थी होता. ही शाळा आपल्या कॅथलिक पंथाची नव्हती. परंतु आपल्या धर्माचा नसलेला, गरीब पण हुशार मुलगा तेथे बाकावर बसू शकला, ही बाब आपल्या आजच्या शाळांनीही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पुढे पैशांअभावी त्याने औंध संस्थानाचा रस्ता धरला. तेथे शिक्षण स्वस्त होते. स्वतः हाताने रांधावे, जे मिळेल ते खावे, कधी नुसतेच झोपावे असे ते दिवस होते. औंधला प्लेगची साथ आली आणि पुन्हा मुक्काम हलला. अखेर पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातून १९१८ साली तो मॅट्रिक झाला. परंतु त्याच्या आधीच, १९१७ साली, आई गेली होती. जवळ पुरेसे औषधपाणी नव्हते आणि लाडका मुलगा दूर होता. शेवटच्या घटकेला तो तिच्यापाशी पोहोचू शकला नाही. ही एक खंत गुरुजींच्या मनात जन्मभर ठसठसत राहिली. त्यांचे पुढचे जवळजवळ सारे लेखन हे त्या न झालेल्या भेटीचेच लांबलेले बोलणे आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

अमळनेरचे छात्रालय

पुण्याच्या न्यू पूना कॉलेजात, म्हणजे पुढील काळातील सर परशुरामभाऊ महाविद्यालयात, त्यांचे उच्च शिक्षण झाले. मराठी व संस्कृत हे त्यांचे आवडीचे विषय. त्यानंतर ते खानदेशात अमळनेरला आले. तेथील तत्त्वज्ञान मंदिरात अधिक अभ्यास करावा, हा त्यांचा हेतू होता. परंतु ग्रंथांपेक्षा मुलांनी त्यांना अधिक ओढून घेतले. १९२४ साली ते तेथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि लवकरच शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

छात्रालयातील त्यांचा कारभार हा मराठी शिक्षणाच्या इतिहासातील एक हृद्य अध्याय आहे. घर सोडून आलेली खेड्यापाड्यांतील ही मुले. कोणाच्या खोलीत केर साठलेला, कोणाचे कपडे मळलेले, कोणी तापाने फणफणलेला. गुरुजींनी नियमांची पाटी टांगली नाही की दंड बसवला नाही. मुले शाळेत गेली असता ते त्यांच्या खोल्या झाडून ठेवीत, अंथरुणे नीट करीत, कपडे धुऊन टाकीत. आजारी मुलाच्या उशाशी रात्र जागवीत. काही दिवसांनी मुलांनाच लाज वाटू लागली आणि खोल्या आपोआप स्वच्छ राहू लागल्या. मुलांसाठी त्यांनी हस्तलिखित दैनिक चालवले. पुढे 'विद्यार्थी' नावाचे मासिक काढले. शिष्यांचे पाय धुणाऱ्या आपल्या प्रभूचे चित्र ज्यांच्या डोळ्यांपुढे नेहमी असते, त्या आपल्या वाचकांना या पद्धतीचे सामर्थ्य वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. साने सरांचे साने गुरुजी झाले ते येथेच, आणि हे नाव त्यांना मुलांनी दिले.

तुरुंगातील पाच दिवस

१९३० साली महात्मा गांधींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला. सहा वर्षांची नोकरी सोडून गुरुजी चळवळीत उतरले. त्यानंतरची त्यांची बरीच वर्षे तुरुंगाच्या भिंतींआड गेली. धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक, येरवडा अशी ती यादी आहे. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात इतर प्रांतांतील कैद्यांच्या सहवासात त्यांनी तमिळसारख्या भाषांची ओळख करून घेतली. तिरुवळ्ळुवरांचे 'कुरल' पुढे मराठीत आले ते त्यातूनच. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली आचार्य विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत असत. ती प्रवचने गुरुजींनी भराभर लिहून घेतली, म्हणून आज 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आपल्या हाती आहे. दुसऱ्याचे शब्द जपून ठेवणारा हा हात लवकरच स्वतःच्या आईचे शब्द जपण्यासाठी लेखणी उचलणार होता.

नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ रोजी त्यांनी आईच्या आठवणी लिहावयास घेतल्या. १३ फेब्रुवारीच्या पहाटे लेखन पूर्ण झाले होते. दिवसा कैद्याची कामे आणि रात्री लेखन, असा तो क्रम. अवघ्या पाच दिवसांत लिहिलेले हे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. याच सुमारास लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राचे भागही प्रकाशित होत होते. एका ख्रिस्ती झालेल्या स्त्रीने आपल्या पतीच्या व संसाराच्या आठवणी सांगाव्यात आणि एका कैद्याने आपल्या आईच्या. दोघांनीही अलंकारांची आरास न मांडता घरातल्या बोलीत सांगाव्यात, आणि दोन्ही पुस्तके मराठीत अमर व्हावीत, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

पुस्तकाची मांडणी साधी आहे. एका आश्रमात श्याम नावाचा तरुण रोज सायंप्रार्थनेनंतर आपल्या मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री. श्याम म्हणजे बऱ्याच अंशी गुरुजी स्वतः. परंतु हे कोरडे आत्मचरित्र नव्हे. वाढत्या वयाच्या मुलामुलींसाठी रचलेली ती एक कादंबरीच आहे. मित्रमंडळ ऐकत आहे, एक भाऊ बोलत आहे, आणि मधोमध आता नसलेली आई बसली आहे, अशी तिची रचना आहे.

रडवे पुस्तक की कणखर आई?

'श्यामची आई' हे रडवे पुस्तक आहे, असा आक्षेप पूर्वीपासून घेतला जातो. गुरुजींच्या भावविवशतेवर अनेकांनी टीका केली आणि ती अगदीच निराधार नाही. त्यांच्या लेखणीला अश्रू फार लवकर येतात. परंतु पुस्तक पुन्हा नीट वाचले असता ध्यानात येते की, रडतो तो श्याम. आई फारशी रडत नाही. ती घडवते.

श्याम पोहायला घाबरतो आणि लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, चक्क मारते आणि विहिरीकडे पिटाळते. गावाने आपल्या मुलाला भित्रा म्हणावे, हे तिला सोसवत नाही. मार देणारी हीच आई नंतर त्याच्यासाठी व्याकूळही होते. दुसऱ्या एका रात्री आजारी आईऐवजी वटसावित्रीच्या प्रदक्षिणा घालण्याची पाळी श्यामवर येते. बायकांचे व्रत आपण करावे, मुले हसतील, या विचाराने तो कचरतो. चांगले काम करताना लाज बाळगू नये आणि वाईट काम करताना ती बाळगावी, हा धडा त्याला तेथे मिळतो. आणखी एका प्रसंगी दुसऱ्या मुलांच्या आधी आपल्याला फुले मिळावीत म्हणून तो झाडावरच्या कळ्याच तोडून आणतो. फुलण्याआधी खुडलेल्या कळीचे दुःख आई त्याला समजावते. आपल्या मुलांना वेळेआधीच मोठे करण्याची घाई ज्या आईबापांना झालेली असते, त्यांनी हे प्रकरण मुलांसाठी नव्हे तर स्वतःसाठी वाचावे.

सर्वांत प्रसिद्ध प्रसंग न्हाणीजवळचा. आंघोळ झालेल्या लहानग्या श्यामला ओल्या पायांना माती लागू नये असे वाटते. आई आपल्या लुगड्याचा पदर दगडावर पसरते आणि त्यावर पाऊल ठेवून त्याला जाऊ देते. मग ती त्याला सांगते की पायाला घाण लागू नये म्हणून जितका जपतोस, तितकाच मनाला घाण लागू नये म्हणून जप आणि त्यासाठी देवापाशी शुद्ध बुद्धी माग. सदसद्विवेकबुद्धी हा शब्द आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना समजावून सांगतो, तेव्हा कितीतरी व्याख्या द्याव्या लागतात. या अशिक्षित म्हणाव्या अशा कोकणी स्त्रीने ते काम ओल्या पदराच्या एका टोकाने केले.

भावंडांच्या प्रेमाचीही एक रात्र आहे. श्याम दापोलीला शिकत असताना खाऊसाठी मिळणारे पैसे न खर्चता साठवतो, त्यातून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि गणेशचतुर्थीच्या सुमारास पावसातून पायी घरी येतो. घरात सर्वांना आनंद होतो. परंतु आईचा पहिला प्रश्न असतो तो पैसे आले कोठून हा. गरिबीतल्या प्रामाणिकपणाचे इतके नेमके चित्र क्वचितच पाहावयास मिळते. भेटवस्तूवर आनंदून जाण्याआधी तिचा मार्ग विचारणारी ती आई आहे. आज मुलांच्या हातात नवीन फोन दिसला तर किती घरांत हा प्रश्न विचारला जातो?

वडिलांनाही या पुस्तकात त्यांचे स्थान आहे. एकदा आई भाजीत मीठ घालायचे विसरते. वडील काहीही न बोलता ती अळणी भाजी खातात आणि त्यांच्याकडे पाहून मुलेही मुकाट्याने खातात. आई स्वतः जेवायला बसते तेव्हाच तिला चूक कळते. विवाहाच्या तयारीच्या शिबिरांतून आम्ही धर्मगुरू तरुण जोडप्यांना परस्परांच्या आदराविषयी पुष्कळ सांगत असतो. त्या बोलण्यापेक्षा हे एक जेवण अधिक सांगून जाते.

मोळी आणि मंदिर

एका रात्रीच्या आठवणीपाशी मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण गुरुजींच्या जीवनातील सर्वांत मोठ्या कृतीचे बीज तेथे आहे. रस्त्यावर एका वृद्ध महार स्त्रीच्या डोक्यावरील लाकडांची मोळी खाली पडलेली असते. तिला ती उचलता येत नाही आणि शिवाशिवीच्या भीतीने कोणी हात लावीत नाही. आई श्यामला जाऊन मोळी उचलून देण्यास सांगते. घरी आल्यावर आंघोळ कर, म्हणजे झाले, असेही ती सांगते.

आजच्या वाचकाला ही आंघोळ खटकते आणि ती खटकलीच पाहिजे. आईची करुणा तिच्या काळाच्या कुंपणापर्यंत गेली. कुंपणाबाहेर हात निघाला, पाऊल निघाले नाही. गुरुजींनी ही गोष्ट लपवली नाही, ती आहे तशी लिहिली. परंतु मुलगा आईच्या पुढे गेला. खऱ्या संस्काराची खूणच ही आहे की, तो मुलाला आईवडिलांच्या जागीच थांबवून ठेवीत नाही.

तो मुलगा किती पुढे गेला, हे १९४७ साली महाराष्ट्राने पाहिले. पंढरपूरच्या विठ्ठलाचे मंदिर तेव्हा अस्पृश्य मानलेल्या समाजाला बंद होते. चोखोबांचा अभंग मंदिरात चाले. परंतु चोखोबांच्या समाजाला महाद्वारापाशीच थांबावे लागे. मंदिरप्रवेशाचा प्रश्न दलित समाजाने स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे १९३० सालीच मांडला होता आणि त्यासाठी मार सोसला होता. आता उच्चवर्णीयांच्या मनाला जाग आणण्याची पाळी उच्चवर्णीयाची होती. गुरुजींनी आधी काही महिने महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत जागृत केले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभले. ज्या गांधीजींना ते गुरू मानीत, त्यांनाही हे उपोषण सुरुवातीस मान्य नव्हते. गुरुजींना त्याचे अतोनात दुःख झाले, परंतु ते आपल्या निर्णयावरून ढळले नाहीत. दहा दिवसांच्या सुमारास मंदिराच्या व्यवस्थेशी संबंधित मंडळींनी मंदिर सर्वांना खुले करण्यास संमती दिली आणि उपोषण सुटले.

लहानपणी उचललेली मोळी त्या दिवशी खऱ्या अर्थाने खाली उतरली. आपण ख्रिस्ती लोकांनी ही हकीकत दुसऱ्यांच्या घरातील दोष म्हणून वाचू नये. भारतातील ख्रिस्ती समाजातही जातीचे अवशेष ठिकठिकाणी आढळले आहेत आणि बिशपांच्या परिषदेने त्याविषयी वेळोवेळी खेद व्यक्त केला आहे. एकाच वेदीभोवती जमणाऱ्यांनी सोयरीक जुळवताना काय काय विचारले, हे आपल्या अंतःकरणाला ठाऊक असते.

मुलांसाठी अखंड लेखणी

'श्यामची आई' हे गुरुजींचे एकमेव पुस्तक नव्हे. श्यामच्या पुढील आयुष्याची, त्याच्या शाळेची, उपासमारीची आणि मैत्रीची कहाणी त्यांनी 'श्याम' व 'धडपडणारा श्याम' यांतून सांगितली. आई गमावलेल्या मुलाला मित्राचा आधार किती लागतो, हे त्यांतून कळते. 'धडपडणारी मुले' या कादंबरीत आश्रम आणि शाळेच्या भोवती जमलेली ध्येयवादी मुले आहेत. 'गोड गोष्टी' या मालेत त्यांनी जगभरातील कथा मराठी मुलांच्या हाती दिल्या. पुतणीला लिहिलेली 'सुंदर पत्रे' ही निसर्ग, माणसे आणि देश यांची ओळख करून देतात. 'भारतीय संस्कृती' लिहिणाऱ्या याच लेखणीने 'इस्लामी संस्कृति' हे पुस्तकही लिहिले. आपल्या शेजाऱ्याचा धर्म त्याच्या चांगल्या बाजूने समजून घ्यावा, हा त्यामागचा हेतू. पृथ्वीवरील साऱ्या दीनदुबळ्यांवर प्रेम करणे हाच धर्म, असे सांगणारी त्यांची प्रार्थना आजही महाराष्ट्रातील असंख्य शाळांतून म्हटली जाते आणि आपल्या कॉन्व्हेंट शाळांतील मुलांनाही ती पाठ असते.

या लेखनात एक गोष्ट सर्वत्र आढळते. गुरुजींची मुले चुकतात. ती चोरी करतात, घाबरतात, खोटे बोलतात, भावंडांशी भांडतात. परंतु चूक झाली म्हणून लेखक त्यांचा हात सोडीत नाही आणि चूक झालीच नाही असेही म्हणत नाही. पापाला पाप म्हणावे आणि पाप्याला जवळ घ्यावे, ही आपल्या प्रायश्चित्त संस्काराची शिकवण याहून निराळी नाही.

आचार्य अत्रे यांनी १९५३ साली 'श्यामची आई' पडद्यावर आणला. वनमाला यांनी आईची आणि माधव वझे यांनी श्यामची भूमिका केली. १९५४ साली राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले, तेव्हा पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक याच मराठी चित्रपटाला मिळाले. परंतु तो सोहळा पाहण्यास गुरुजी हयात नव्हते.

शेवटची वाट

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रातील होता, ही बाब गुरुजींच्या जिव्हारी लागली. त्यांनी प्रायश्चित्त म्हणून एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. ते आजही पुण्याहून प्रसिद्ध होते. भारतातील विविध भाषांच्या लोकांनी परस्परांचे साहित्य व जीवन जाणून घ्यावे, यासाठी आंतरभारतीची कल्पना त्यांनी मांडली. वरवर पाहता कामे चालूच होती. परंतु स्वातंत्र्यानंतरची भांडणे, द्वेष आणि ध्येयवादाची घसरण पाहून त्यांचे मन आत खोल खचत गेले. इतरांच्या मुलांच्या उशाशी जागणाऱ्या या माणसाच्या उशाशी जागणारे कोणी नव्हते, किंवा असलेल्यांना त्याच्या अंधाराची खोली कळली नाही. ११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी आपल्या हातांनी आपले जीवन संपवले.

गुरुजींविषयी मुलांना सांगताना आपण बहुधा हे पान गाळतो. धर्मगुरू या नात्याने ते गाळू नये असे वाटते, कारण हा प्रश्न आज कित्येक घरांत वेदनेने उभा आहे. जीवन ही देवाची देणगी आहे आणि ती आपल्या हाताने संपवणे योग्य नव्हे, ही ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे व ती बदललेली नाही. परंतु त्या व्यक्तीकडे पाहण्याची आपली दृष्टी अधिक करुणामय झाली आहे. १९१७ च्या धर्मविधी-संहितेने आत्महत्या केलेल्यांना ख्रिस्ती अंत्यविधी नाकारला होता. १९८३ च्या संहितेत ती तरतूद उरली नाही. १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रसिद्ध केलेल्या धर्मशिक्षण ग्रंथात सांगितले आहे की, तीव्र मानसिक व्याधी, भय किंवा यातना यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. अशा व्यक्तीच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये आणि तिच्यासाठी प्रार्थना करावी. आर्सचे धर्मगुरू संत जॉन मेरी व्हियान्नी यांच्याविषयी परंपरेने एक कथा सांगितली जाते. पुलावरून उडी घेतलेल्या एका माणसाच्या विधवेला त्यांनी धीर दिला तो असा की, पूल आणि पाणी यांच्या दरम्यान तिच्या पतीला पश्चात्तापाला पुरेसा वेळ मिळाला होता. देवाची दया किती वेगाने धावते, हे आपण मोजू नये.

गुरुजींच्या अखेरीतून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली ही की, खिन्नता हा दुबळ्या श्रद्धेचा दोष नव्हे. तो आजार आहे आणि त्याला प्रार्थनेबरोबरच डॉक्टरांची व माणसांच्या सोबतीची गरज असते. दुसरी ही की, जो सर्वांना धीर देतो त्याचीही विचारपूस करावी. शिक्षक, परिचारिका, कन्याभगिनी, धर्मगुरू, घरातील आई. या सर्वांना तुम्ही कसे आहात, हा प्रश्न कोणी सहसा विचारीत नाही. परीक्षेच्या निकालांच्या या दिवसांत आपल्या मुलामुलींना तर तो अवश्य विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत जवळ बसावे.

बेचाळीस संध्याकाळी

रायगड जिल्ह्यातील माणगावजवळ वडघर येथे गुरुजींचे राष्ट्रीय स्मारक उभे आहे. परंतु त्यांचे खरे स्मारक घराघरांत उभारता येण्याजोगे आहे. त्यासाठी फारसा खर्च नाही. श्याम आपल्या आठवणी सायंप्रार्थनेनंतर सांगत असे, आणि आपल्या कुटुंबांतही रोझरीची परंपरा अजून पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. शाळा सुरू होण्याच्या या दिवसांत रोझरी आटोपल्यावर टीव्ही आणि फोन अर्धा तास बाजूला ठेवावा आणि या पुस्तकातील एक रात्र मोठ्याने वाचावी. एके दिवशी आईने वाचावे, एके दिवशी वडिलांनी, एके दिवशी शाळकरी मुलाने. आजी असेल तर तिने मध्येच थांबवून आपल्या आईची आठवण सांगावी. तिला कोणी अडवू नये.

जेथे काही खटकेल तेथे मुलांशी बोलावे. आंघोळीचा तो प्रसंग आला की आपल्या आजूबाजूच्या कुंपणांविषयी विचारावे. बेचाळीस दिवसांनी पुस्तक संपेल. तोवर पाऊस चांगला लागलेला असेल आणि घरातील प्रत्येकाला दुसऱ्याच्या मनातील काही ना काही नवे कळलेले असेल. ज्या मुलाला आपल्या आईचा शेवटचा शब्द ऐकता आला नाही, त्याने इतरांच्या घरातील संवाद टिकून राहावा म्हणून हे लिहून ठेवले आहे. त्याचे हे ऋण वाचूनच फेडता येईल.

साने गुरुजींच्या आत्म्याला प्रभू चिरशांती देवो, ही प्रार्थना.